आपोआप

"एकदा बटण दाबायचं, पुढचं सगळं आपोआप," असं ए-२ म्हणाले आणि मी मान डोलावली. माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं अशी मान डोलावूनच घरात आली आहेत.

ए-२ म्हणजे आमचे सेक्रेटरी. डोंबिवली पूर्वेच्या आमच्या सोसायटीत माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत. नावं दारावरच्या पाट्यांवर आणि थकबाकीदारांच्या यादीत. बोलताना मात्र "बी-७च्या काकूंचे गुडघे कसे आहेत?" किंवा "ए-११नं पुन्हा जिन्यात सायकल लावली" असंच चालतं. मी बी-१०, तिसरा मजला, लिफ्ट नाही. हा लिफ्टचा मुद्दा पुढे येणार आहे, तेव्हा लक्षात ठेवा.

इमारत १९८० सालची. म्हणजे २००५ मध्ये तिला पंचवीस वर्षं होत होती. दर २६ जानेवारीला सोसायटीचा सत्यनारायण असतोच, तर त्यातच रौप्यमहोत्सव उरकून घ्यावा असं ठरलं. 'उरकून घ्यावा' हे शब्द इतिवृत्तातले आहेत, माझे नाहीत. ऑर्केस्ट्रा खर्चाच्या मुद्द्यावर पडला. व्याख्यान, ऐकणार कोण या मुद्द्यावर पडलं. पोळी-भाजी केंद्रातून जेवण मागवायचं हे एकमतानं मंजूर झालं. डोंबिवलीत या ठरावाला विरोध करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

मग ए-२नी ती कल्पना काढली. त्यांच्या ऑफिसच्या कुठल्याशा समारंभात एका कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला होता. "पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. फोटो येतायत, जातायत. येतायत, जातायत. आपोआप! तसे आपण सोसायटीचे जुने फोटो लावू."

"माणूस लागत नाही?" खजिनदार बी-३नी विचारलं.

"एकही नाही."

"मग मंजूर." बी-३ना माणूस लागत नाही ते सगळं मंजूर असतं, कारण माणूस आला की चहा येतो आणि चहा आला की व्हाउचर येतं.

यानंतर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सोसायटीत एमएस-सीआयटी झालेला मी एकटा होतो. २००१ साली एमकेसीएलनं हा कोर्स सुरू केला आणि पोक्त वयाची कितीतरी माणसं उंदराला हात लावायला शिकली. माऊस म्हणजे पायानं दाबायचं पेडल असावं अशी माझी पहिल्या दिवशीपर्यंत समजूत होती. बायकोनं माझं प्रमाणपत्र फ्रेम करून कॉम्प्युटरच्या वर लावलं होतं, शेजारी तिच्या सासऱ्यांचा फोटो. त्यामुळे येणारा माणूस आधी हात जोडायचा आणि मग वाचायचा.

त्या कॉम्प्युटरबद्दल सांगायला हवं. १९९९ साली लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून बनवून घेतला आणि लोकलनं आणला. सेलेरॉन प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबीची हार्डडिस्क, विंडोज ९८. आत काय काय सॉफ्टवेअर 'बरोबर' आलं होतं ते विचारू नये. सोफ्याच्या उरलेल्या कापडाचं त्याला कव्हर होतं, झालरीसकट. पाहुण्यांना आधी वाटायचं हे शिलाई मशीन आहे. आमच्याकडे चप्पल घालून कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं नाही असा नियम होता. देवघरही त्याच खोलीत होतं, पण नियम कॉम्प्युटरसाठी होता.

पहिलं काम फोटो जमवण्याचं. सोसायटीत फोटो भरपूर निघाले, पण ते सगळे चिकट पानांच्या अल्बममध्ये पंचवीस वर्षं चिकटलेले. सोडवायला गेलं की फोटोतला माणूस निम्मा पानावर राहायचा. एका हळदीकुंकवाच्या फोटोत आठ बायका होत्या, माझ्या हाती आल्या साडेसहा. शिवाय प्रत्येकाच्या अटी. "आमचा फोटो घ्या, पण त्यात ए-११ आहे तेवढा कापा." "यात ह्यांची ढेरी दिसत्येय, दुसरा शोधा." दुसऱ्यात ढेरी जास्त होती. बी-३नी प्रत्येक घराला समान फोटो मिळालेत का याचा तक्ता मागितला. मेंटेनन्स सगळे सारखाच भरतात, हा त्यांचा युक्तिवाद.

फोटो घेऊन मी फडके रोडच्या बाजूच्या एका दुकानात स्कॅनिंगला गेलो. "चांगले करा हं," एवढंच म्हणालो. हेच चुकलं. त्या मुलानं एकेक फोटो असा स्कॅन केला की १९८१च्या पाडव्याच्या फोटोत कुणाच्या मिशीत श्रीखंड होतं तेही दिसावं. सेहेचाळीस फोटो पॉवरपॉइंटमध्ये घालून झाले तेव्हा फाइल ५८ एमबीची झाली होती. 'सेव्ह' म्हटलं की कॉम्प्युटर आतून घरघरायचा आणि मी दाढी करून यायचो.

फोटो लागले, मग मला कला सुचू लागली. पॉवरपॉइंट ही वस्तू मुळात १९८७ साली फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीनं मॅकिंटॉशसाठी काढली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला घेतली. उद्योगधंद्यातल्या लोकांना चार मुद्दे नीट मांडता यावेत एवढाच मूळ हेतू होता. त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती की डोंबिवलीत कुणीतरी हळदीकुंकवाचा फोटो गरगर फिरवत आणणार आहे. मी एकही युक्ती सोडली नाही. गणेशोत्सवाचा फोटो डावीकडून सरपटत आला. गच्चीवरच्या कोजागिरीचा बुद्धिबळाच्या पटासारखा तुकड्यातुकड्यांनी उमटला. १९८८च्या क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभाला मी सोनेरी चौकट घातली आणि फोटो येताना टाळ्यांचा आवाज लावला. ती चौकट मला इतकी आवडली की पुढच्याच एका स्लाइडसाठी मी तीच स्लाइड कॉपी करून आतला फोटो बदलला. ती पुढची स्लाइड दिवंगत सभासदांना श्रद्धांजलीची होती. हेही लक्षात ठेवा.

या सगळ्या काळात पडद्याच्या कोपऱ्यात एक डोळे मिचकावणारी पेपरक्लिप बसलेली असायची. मला काही मदत हवी आहे का, असं ती सारखं विचारायची. हवी असायची, पण तिला सांगता येण्यासारखी नसायची.

इथे जरा कल्याणला जाऊन येऊ. दोनच स्टेशनं आहेत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. म्हणजे त्या काळचा स्लाइड शोच. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि पडदा, तोंडानं निवेदन. मायावी शंबरासुराचं नाव दिव्याच्या खेळाला देणारा माणूस कल्पक असणारच. पडद्यावर रामायण-महाभारत हलतंय असं लोकांना वाटायचं, आणि हे मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचे चित्रपट पोचले त्या १८९६च्या आधी. हे मी कमिटीत अभिमानानं सांगितलं. म्हटलं, स्लाइड शो हा आपल्या तालुक्याचाच वारसा आहे.

"त्यांना माणूस लागायचा?" बी-३.

"लागायचा. दिव्यापाशी एक, चित्रं सरकवायला एक, बोलायला एक."

"बघा," बी-३ म्हणाले, "आपण पुढे गेलो."

आता खरी अडचण. शो करायचा माझ्या कॉम्प्युटरवर आणि दाखवायचा तळमजल्याच्या हॉलमध्ये. माझा कॉम्प्युटर तीन मजले उतरवायला मी तयार नव्हतो; बायको तर कव्हर काढायलाही तयार नव्हती. बी-७च्या काकूंच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर मात्र तळमजल्यावरच होता. त्यात पॉवरपॉइंट नव्हतं. मी ठाण्याला भाच्याला फोन केला. तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, म्हणजे त्याला जगातलं सगळं येत होतं.

"मामा, सोपं आहे. पॅक अँड गो कर. फ्लॉपीवर शो आणि व्ह्यूअर दोन्ही जातं. तिकडे पॉवरपॉइंट लागतच नाही. आपोआप चालेल."

तेव्हाच फोन ठेवायला हवा होता.

एका फ्लॉपीत मावतं १.४४ एमबी. माझी फाइल ५८ एमबी. मी एकेचाळीस फ्लॉप्यांची मागणी घेऊन बी-३कडे गेलो. त्यांनी शांतपणे पंधरा गुणिले एकेचाळीस केलं आणि म्हणाले, "सहाशे पंधरा रुपयांत आपण सगळ्या सोसायटीला साजूक तुपातला शिरा देतोय." मग भाच्यानं दिलेल्या कसल्याशा प्रोग्रॅमनं मी सगळे फोटो बारीक केले. मिशीतलं श्रीखंड गेलं, फाइल १४ एमबीवर आली, आणि दहा फ्लॉप्यांचा एक डबा पुरला.

दहा फ्लॉप्या भरायला एक संध्याकाळ गेली. विझार्ड म्हणायचा, पुढची फ्लॉपी घाला. मी घालायचो. आतून दळण दळल्यासारखा आवाज यायचा. पुन्हा, पुढची घाला. एखाद्या हट्टी मुलाला भरवावं तसं. प्रत्येकीवर मी पेन्सिलीनं नंबर घातला, रबरबँड लावला आणि २५ तारखेला रात्री ते गाठोडं घेऊन काकूंकडे उतरलो. ए-२ होते, बी-३ होते, काकूंचा मुलगा होता, आणि काय चाललंय हे पाहायला ए-११ होता. काकूंनी चहा टाकला. बी-३नी व्हाउचर काढलं: 'आपोआप कार्यक्रम, चहा ५.'

पाच फ्लॉप्या सुरळीत गेल्या. सहावी घातली तर पडद्यावर पाटी आली: ही फ्लॉपी फॉरमॅट केलेली नाही, आता करू का? मी चष्मा पुसत होतो. तेवढ्यात काकूंच्या मुलानं 'यस' दाबलं.

"अरे, यस का दाबलंस?"

"त्यानं विचारलं ना, काका. नाही कसं म्हणायचं?"

चांगल्या संस्कारांचे तोटे असतात. सहावी फ्लॉपी स्वच्छ झाली, १९८६ ते ९० ही वर्षं सोसायटीच्या इतिहासातून गेली.

मग सीडी. रात्री साडेनऊला मी भाच्याला ठाण्याहून बोलावला. तो माझ्या घरून फाइल घेऊन सायबर कॅफेत गेला आणि सीडी लिहून आणली. पहिली लिहिताना मधेच बंद पडली, दुसरी 'जवळजवळ' झाली, तिसरी झाली. पहिल्या दोन काकूंनी लगेच मागून घेतल्या, बाल्कनीत टांगायला. चकाकणाऱ्या सीडीला कबुतरं भितात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. भाच्यानं नोटपॅडमध्ये दोन ओळींची एक फाइल लिहून सीडीत टाकली होती, म्हणजे सीडी आत गेली की शो आपला आपण सुरू. आणि खरंच झाला! कोणी काहीही दाबलं नाही. ए-२नी टाळी वाजवली.

शीर्षकाची स्लाइड आली. त्यावर मी मोठ्या अक्षरांत सोसायटीचं नाव आणि 'रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त हार्दिक स्वागत' असं लिहिलं होतं. तिथे आता दोन इंग्रजी अक्षरं, एक स्वल्पविराम, तीन डॉलर, पौंडाची खूण आणि एक उलटं प्रश्नचिन्ह होतं.

त्या काळचे मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेले मराठी मुखवटे असत. आत ए, बी, सी. वरून अ, ब, क. फाँट ज्या मशीनवर नाही तिथे मुखवटा गळायचा आणि आतला साहेब उघडा पडायचा. विंडोज २०००पासून 'मंगल' नावाचा फाँट घरचाच मिळू लागला होता, पण आमच्या दोन्ही घरी ९८, म्हणजे अमंगलच. सेव्ह करताना एका चौकोनात टिचकी मारली असती तर फाँट बरोबर गेला असता म्हणे. म्हणे, कारण हे भाच्यानं नंतर सांगितलं.

"संस्थापक अध्यक्षांच्या नावाआधी डॉलर का आहे?" बी-३नी विचारलं. "त्यांचा मुलगा अमेरिकेत आहे. काही देणगी पाठवली आहे का?"

आणि शो मुका होता. मी सगळ्या शोला मिळून सनईची एक गोड धून लावली होती. पण पॉवरपॉइंट एवढी मोठी ध्वनिफाइल उचलून नेत नाही; ती घरी कुठे ठेवलीय तेवढा पत्ता लक्षात ठेवतं. लग्नाला सनईवाला न नेता त्याचं कार्ड खिशात घालून जावं, तसं. पत्ता होता बी-१०चा. कॉम्प्युटर बी-७चा. सनई वर एकटी वाजायला तयार बसली होती.

रात्री पावणेबारा वाजता ठरलं: वरचा कॉम्प्युटरच खाली आणायचा. चहा ९.

२६ तारखेला सकाळी झेंडावंदन झालं आणि आमची मिरवणूक निघाली. मॉनिटर ए-२ आणि काकूंचा मुलगा यांच्यामध्ये. त्या काळचा मॉनिटर म्हणजे सगळं वजन पुढच्या बाजूला असलेला प्रकार, जिन्याच्या वळणावर दोघांपैकी एकाला उलटं चालावं लागायचं. सीपीयू माझ्या छातीशी. यूपीएस ए-११कडे, तो पूर्ण तीन मजले कोकलत उतरला, यूपीएस, ए-११ नव्हे. कीबोर्ड भाच्याच्या काखेत. माझी बायको शेवटी, कव्हर घेऊन. पहिल्या मजल्यावरच्या आजी दारात आल्या आणि म्हणाल्या, "विसर्जन आत्ता कसं?"

हॉलमध्ये चौरंगाच्या उजव्या हाताला टेबल मांडलं. पूजेच्या आधी बटण दाबलं. शीर्षकाची स्लाइड: गणपतीचं चित्र, वर 'श्री', खाली सोसायटीचं नाव. मराठीत! मी कृतार्थ झालो. दुसरी स्लाइड यायची वाट पाहू लागलो.

दुसरी आलीच नाही. क्लिक केलं, नाही. स्पेसबार, नाही. बाण, नाही. आदल्या रात्री भाच्यानं शो 'किओस्क'वर टाकला होता. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या माणसानं काहीही दाबलं तरी शो ढिम्म हलत नाही, तो आपल्या वेळापत्रकानं चालतो. वेळापत्रक देण्याचं मात्र आम्ही दोघंही विसरलो होतो. आणि भाचा तेव्हा माझ्या घरी झोपायला गेला होता.

इकडे पोथी सुरू झाली होती. लोक येत होते. आधी चौरंगासमोर वाकायचे, मग उजवीकडे वळून मॉनिटरसमोर वाकायचे. कुणीतरी त्याच्यापुढे दोन फुलं ठेवली. एकांनी पाच रुपयांचं नाणं ठेवलं, ते बी-३नी रीतसर जमा करून घेतलं. "छान झालाय हं शो," बाहेर जाताना एक काका मला म्हणाले. "शांत."

एवढ्यावर थांबलो असतो तर आज माझं नाव निघालं असतं. पण मी भाच्याला उठवलं.

"मामा, किओस्क काढ, नुसतं गोल फिरत राहायला सांग. आणि रिहर्स टायमिंग्ज कर. एकेक स्लाइड जितका वेळ हवी तितका वेळ बघायची आणि पुढची दाबायची. ते घड्याळ लावून लक्षात ठेवतं. मग तसंच्या तसं आपोआप."

पोथी चालू असल्यामुळे स्पीकर बंद ठेवून मी कोपऱ्यात बसून रिहर्सल सुरू केली. प्रत्येक स्लाइडला आठ सेकंद. गणपती, आठ. भूमिपूजन, आठ. भातशेतात एकटीच उभी असलेली आमची इमारत, दहा, कारण तो फोटो मलाच बघावासा वाटला. खिडकीतून थेट स्टेशनचे दिवे दिसायचे तेव्हा. मग आली पाण्याची टाकी. नव्या टाकीचं उद्घाटन, १९८३. टाकी आणि आमची महानगरपालिका, दोघी एकाच सालच्या. आणि नेमका त्याच क्षणी आरतीचा टाळ वाजला.

आरती चालू असताना कॉम्प्युटरला हात कसा लावणार? मी उठलो, टाळ्या वाजवू लागलो. आमच्याकडे आरती म्हणजे एक नसते. गणपतीची, देवीची, शंकराची, विठ्ठलाची, दत्ताची, सत्यनारायणाची, मग लोटांगण, मग मंत्रपुष्पांजली, आणि मंत्रपुष्पांजलीत श्वास कुठे सोडायचा यावर ए आणि बी विंगमध्ये जुना मतभेद. कोपऱ्यातलं ते चिमुकलं घड्याळ इमानेइतबारे मोजत होतं. अकरा मिनिटं. उरलेल्या स्लाइड मी घाईनं सरकवल्या. शेवटी त्यानं विचारलं, हे टायमिंग ठेवू का? मी 'यस' म्हटलं. त्यानं विचारलं ना.

शो सुरू झाला! स्पीकर लावले, सनई घुमली, फोटो सरपटत, गरगरत, तुकडे होत येऊ लागले. सगळी सोसायटी शिऱ्याच्या वाट्या घेऊन जमली. "अगं ही तू!" "शी, ती साडी!" "ह्याला केस होते?" आणि मग टाकी आली आणि थांबली.

पहिल्या मिनिटात लोकांनी टाकी कौतुकानं पाहिली. दुसऱ्या मिनिटात कुणीतरी म्हणालं, "ही गळायला लागली ८४ साली." तिसऱ्यात ए विंगनं विचारलं, मग दुरुस्तीचा खर्च निम्मा आमच्याकडून का घेतला? पाचव्यात बी-३ हिशेबाच्या जुन्या वह्या आणायला वर गेले. सातव्यात पहाटे पंप कोण बंद करतं आणि कोण मुद्दाम विसरतं, हे एकवीस वर्षांत पहिल्यांदा उघडपणे बोललं गेलं. दहाव्यात ए-११ ओरडत होता, "वॉशर! मी तेव्हाच म्हणालो होतो, वॉशर!" तेव्हा त्याचं वय नऊ होतं. अकरावं मिनिट संपलं, टाकी गोल फिरत निघून गेली, आणि भांडण आपोआप थांबलं. पुढच्या फोटोत होळी होती.

मग बक्षीस समारंभ आला, टाळ्या वाजल्या. आणि पाठोपाठ काळ्या पार्श्वभूमीवर, माझ्या लाडक्या सोनेरी चौकटीत, 'भावपूर्ण श्रद्धांजली' उमटली आणि स्पीकरमधून पुन्हा टाळ्यांचा प्रचंड कडकडाट झाला. स्लाइड कॉपी केली तेव्हा आवाजही बरोबर आला होता. सनई नेताना पत्ता घेऊन जाणारं हे सॉफ्टवेअर टाळ्या मात्र जातीनं घेऊन आलं होतं.

हॉलमध्ये कुणी श्वास घेईना. फोटो ए-५च्या आजोबांचा होता. आजी पहिल्याच खुर्चीत होत्या. मी टेबलाखाली जाण्याच्या बेतात होतो.

"अकरा वर्षं ह्यांनी सोसायटीचे हिशेब लिहिले," आजी म्हणाल्या. "कुणी कधी टाळी वाजवली नाही हो." थोडं थांबून म्हणाल्या, "परत लाव."

परत लावता येत नव्हतं. शो गोल फिरत होता. आजी पुढचा फेरा येईपर्यंत सतरा मिनिटं थांबल्या, त्यातली अकरा टाकीसमोर. दुसऱ्या फेरीला टाळ्या स्पीकरच्याही आधी लोकांनी वाजवल्या.

तिसऱ्या फेरीत काकूंच्या वाटीतला एक बेदाणा कीबोर्डवर पडला. अन्न असं टाकू नये, म्हणून त्यांनी तो बोटानं टिपून उचलला. पडदा काळाठिक्कर झाला.

"लाइट गेली!" सगळे एका आवाजात ओरडले. डोक्यावर पंखे फिरत होते, ट्यूबा जळत होत्या, सनई वाजत होती. पण भारनियमनाचे दिवस होते आणि सवय मोठी वाईट. दोघं मीटरबॉक्सकडे धावले. ए-११नं मॉनिटरच्या कानशिलात दोन दिल्या. ए-२नी मॉनिटरच्या आणि स्पीकरच्या वायरी काढून पुन्हा घातल्या, त्यात सनईही गेली. भाच्यानं तोंडात नखं घातली, म्हणजे आता आशा नव्हती. वीस मिनिटं सोसायटी काळ्या पडद्यासमोर उभी होती. शेवटी काकू पुढे आल्या. "थांबा रे, त्या बटणावर तूप राहिलंय माझं," म्हणत त्यांनी पदरानं ते बटण पुसलं. होळीचा फोटो परत आला.

"खरकटं चालत नाही त्याला," काकूंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. "सोवळ्यातलं आहे."

त्या बटणावर बी हे अक्षर होतं. पॉवरपॉइंटचा शो चालू असताना बी दाबलं की पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत येतं; डब्ल्यूनं पांढरा होतो. हे मला मदतीच्या पानांत चार महिन्यांनी सापडलं. पेपरक्लिपला ते पहिल्यापासून माहीत असणार. सोसायटीत मात्र त्या बटणाचं नाव पडलं ते पडलंच: बेदाणा. वार्षिक हिशेबात बी-३नी लिहिलं, 'आपोआप कार्यक्रम: माणसे १४, चहा ६३.' ऑडिटरनं त्यावर लाल खूण केली होती.

तो कॉम्प्युटर नंतर गेला. कव्हर आता मिक्सरवर आहे. तिसरी सीडीही काकूंनी मागून घेतली. कबुतरं तिन्ही सीड्यांवर बसतात.

मागच्या वर्षी आमच्या पुनर्विकासाची सभा झाली. हॉल तोच. बिल्डरकडून टाय लावलेला एक तरुण आला होता, पापडाएवढा पातळ लॅपटॉप, भिंतीएवढा पडदा, हातात छोटा रिमोट. "तुम्ही फक्त बसा," तो म्हणाला, "सगळं ऑटोमॅटिक आहे." आम्ही जुनी माणसं एकमेकांकडे बघून खुर्चीत नीट सावरून बसलो. बावीस मजली टॉवर गरगरत आला. लॉबी आली, जिम आली. पोहण्याचा तलाव आला आणि त्याच वेळी मुलाचा अंगठा रिमोटवर कुठेतरी पडला. पडदा काळा.

त्यानं रिमोट झटकला. लॅपटॉप उघडझाप केला. वायर काढली, घातली. टाय सैल केला. कुठेतरी फोन लावला आणि हळू आवाजात "सर, सर" करू लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "लाइट गेली का?"

काकू आता ब्याऐंशीच्या आहेत. काठी टेकत उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घाबरू नको बाळा. बेदाणा दाब."

त्यानं वळून आमच्याकडे पाहिलं. सगळा हॉल गंभीरपणे मान डोलावत होता.

"बेदाणा?"

काकूंनी स्वतःच बोट टेकवलं. पोहण्याचा तलाव परत आला, निळाशार, चौदाव्या मजल्यावर.

"याला पाणी कुठून आणणार?" बी-३नी विचारलं, आणि ए-११ खुर्चीतून उठला.